सहा महिने म्हणजे एकशे ऐंशी दिवस नव्हेत

१४ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

काल दाजींचा जामीन अर्ज फेटाळला. वकिलांनी तुला कळवलं असेलच, पण वकील कळवतात ते अर्धं असतं, म्हणून मी पूर्ण लिहितो. तुझा फोन पोलिसांच्या जप्तीत आहे तोवर पत्रच बरं. तसंही फोनवरचं बोलणं कागदावर राहत नाही.

दाजींच्या व्हॅनमध्ये नळांच्या खोक्यांमागे जी पाकिटं सापडली, त्यांचं वजन मोठ्या गुन्ह्याच्या रेषेच्या वर आहे. अंमली मालाच्या अशा खटल्यात नेहमीच्या वाटेने जामीन मिळत नाही म्हटलं तरी चालेल. 'मी नुसता ड्रायव्हर, खोक्यांमागे काय आहे मला ठाऊक नव्हतं' हे खरंच आहे, पण ते सिद्ध करायचं खटल्यात, आणि खटला उभा राहायला वर्षं जातात.

दुसरी वाट आहे. तपास संपवून आरोपपत्र दाखल करायला पोलिसांना एकशे ऐंशी दिवस मिळतात. तेवढ्यात दाखल झालं नाही, तर एकशे एक्याऐंशीव्या दिवशी जामीन हा आरोपीचा हक्क होतो. गुन्हा केवढा, माल किती, काही बघत नाहीत. दिवस बघतात. फक्त सरकारी वकिलांनी मुदत संपायच्या आत कारणं दाखवून वाढ मागितली, तर ती वाट बंद. पण आमच्या इथल्या चौकीने गेल्या सहा वर्षांत अशी वाढ वेळेवर मागितलेली मी पाहिलेली नाही. आणि त्यांचे कागद माझ्याच टेबलावर टाइप होतात, तेव्हा मी पाहिलेलं नाही म्हणजे झालेलं नाही.

कोर्टाने दाजींना पहिली कोठडी दिली ९ जानेवारीला. तो दिवस पहिला धरायचा. आज सदतिसावा. एकशे ऐंशीवा येतो ७ जुलैला. ८ जुलैला कोर्ट उघडलं की पहिला कागद आपला. वकील बोटांवर मोजून ९ जुलै म्हणत होते. मी म्हटलं, "साहेब, पहिला दिवस मोजणीत धरतात. निकाल दाखवू का?" त्यांनी मुकाट्याने डायरीत खोडलं. आठवीत शाळा सोडलेला माणूस मी, पण सव्वीस वर्षं कोर्टाच्या या जिन्याखाली बसून दुसऱ्यांचा कायदा टाइप केलाय. थोडा अंगाला लागतोच.

धीर धर.

तुझा,
दादा


२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, दुसऱ्यांदा कळलं, आणि तिसऱ्यांदा तू वकिलांना गप्प केलंस तेवढंच वाचलं. बरं वाटलं ना तुला? मग मलाही वाटलं.

रविवारी जेलवर जाऊन आले. दोन तास बस, तीन तास रांग, दहा मिनिटं भेट. मधे दोन जाळ्या. हे मला म्हणाले, "स्वेटर नवीन घेतलास का?" जुनाच होता, दादा, लाल. यांना तो काळा दिसत होता.

काचबिंदूचे थेंब सकाळ-संध्याकाळ पडायला हवेत, हे तुला माहीत आहे. तिथे आठवड्यात चार दिवस पडतात, तीन दिवस नाही. मी बाटली नेली होती. बाहेरची चालत नाही म्हणे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागेच बजावलं होतं की या आजारात गेलेली नजर परत येत नाही. ड्रायव्हरची नजर गेली तर त्याने सुटून तरी करायचं काय?

इथे हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात काम वाढलंय. दिवसाला सहाशे चादरी घडी करतो दोघी मिळून. मुकादमबाई रोज विचारते, "नवरा कुठे?" मी म्हणते, लांबच्या ट्रिपवर. काल म्हणाली, "इतकी लांब? व्हॅन समुद्रात घातली की काय!" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. काय करू?

तू दिवस मोज. मी थेंब मोजते.

बेबी


२ मे

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

आज एकशे चौदावा दिवस. प्रयोगशाळेचा अहवाल आलेला नाही. तो आल्याशिवाय आरोपपत्र पुरं होत नाही. प्रयोगशाळेत नमुन्यांची रांग केवढी आहे हे मला तिथल्या शिपायाकडून कळतं. ऑगस्टच्या आधी नंबर नाही. तपास अधिकारी तर खुर्चीतून उठायला तयार नाहीत. सगळं आपल्या बाजूने आहे.

म्हणून आता नीट ऐक. या कामाची एक रीत असते, पुस्तकात नाही सापडायची. मुदत जवळ आली की आरोपीच्या बाजूने कसलाही आवाज करायचा नाही. अर्ज नाही, तक्रार नाही, चौकशी नाही. घरात तान्हं बाळ नुकतं झोपलंय असं वागायचं. एखादा अर्ज पडला की फाइल बाहेर येते, फाइल बाहेर आली की कोणीतरी तारीख बघतं.

वकील दाजींच्या डोळ्यांसाठी कोर्टात अर्ज करणार होते. मीच थांबवला. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. तुझ्या फोनसाठीही चौकीत जाऊ नकोस.

दादा


११ मे

ती. दादास,
सा. न.

नाही जाणार. पण दोन महिने तुझ्या टेबलावर दोन महिने असतात. इथे ते डोळ्यातून जातात.

त्यांना मी सांगितलं की दादा म्हणतो गप्प राहा. ते म्हणाले, "मास्तर म्हणतात तर बरोबरच असेल." सगळे तुला मास्तर म्हणतात म्हणून तेही म्हणतात. तुझ्यावर माझ्यापेक्षा त्यांचा विश्वास जास्त.

बेबी


२९ जून

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

एकशे बाहत्तरावा. अर्ज टाइप करून तयार आहे, तीन प्रती, समास दीड इंच, एक खाडाखोड नाही. तू सात तारखेला संध्याकाळी येऊन माझ्या खोलीवर राहा. जामीनदार मी आहेच.

बाकी इथे नेहमीचंच. परवा चौकीचा जाड्या हवालदार तपास बाकी असलेल्या गुन्ह्यांचा तक्ता टाइप करायला घेऊन आला होता. एकोणीस ओळी. शेवटच्या रकान्यात मुदतीची तारीख, आणि पठ्ठ्याने सगळीकडे सरळ सहा महिने धरलेले! मी म्हटलं, "अहो, सहा महिने म्हणजे एकशे ऐंशी दिवस नव्हेत. महिने काय सगळे सारखे असतात?" तो म्हणाला, "मास्तर, तुम्हीच बघा बुवा, आम्हाला एवढं कुठलं." मग बसून सगळा रकाना दुरुस्त करून दिला. साहेबांनी म्हणे भिंतीला लावलाय. शिकलेल्या लोकांची ही तऱ्हा.

येताना थंडीचं काही आणू नकोस, उकडतंय.

दादा


९ जुलै

चि. बेबीस,
आशीर्वाद.

काल तू रडत बसमध्ये चढलीस, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. झालं ते लिहून ठेवतो. सरकारी वकिलांनी ६ तारखेला दुपारी मुदतवाढीचा अहवाल दिला. ७ तारखेला न्यायाधीशांनी नव्वद दिवस वाढवून दिले. म्हणून आपला ८ तारखेचा अर्ज फेटाळला. आता मुदत ५ ऑक्टोबर.

वकील वर अपील करणार आहेत. फार आशा नाही.

दादा


१३ जुलै

ती. दादास,
सा. न.

तुला एक सांगायचं आहे. तुझ्या खोलीवर होते तेव्हा तोंड उघडलं नाही.

१ जुलैला मी चौकीत गेले होते. तू नको म्हणाला होतास तरी. जेलच्या डॉक्टरने डोळ्यांच्या थेंबांची जुनी चिठ्ठी मागितली आणि तिचा फोटो माझ्या त्या फोनमध्ये आहे. मी फक्त म्हटलं की फोन द्या, नाहीतर निदान फोटो तरी काढून द्या. टेबलावरच्या माणसाने गुन्ह्याचा नंबर विचारला. मी सांगितला. त्याने कुठल्याशा कागदावर लिहून घेतला आणि म्हणाला पुढच्या आठवड्यात या.

बस, तेवढंच. पाच दिवसांनी त्यांनी मुदतवाढ मागितली. झोपलेलं बाळ मीच उठवलं.

काल भेटीत यांना सगळं सांगितलं. लपवून ठेवणं जमेना. ते दहा मिनिटं संपायच्या आधीच उठून आत गेले. सासूबाईंनाही कळलंय. त्या माझ्याशी बोलतात, पण भांड्यांकडे बघून.

तू तरी मला शिव्या दे, दादा.

बेबी


१९ जुलै

चि. बेबीस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. झालं ते झालं. त्यावर आता खल करून उपयोग नाही. कोणी काय केल्यामुळे काय घडलं, हे कोर्टात सुद्धा धड ठरत नाही. अपील दाखल झालं आहे. तारीख ऑगस्टअखेर मिळेल.

प्रिंटरचा रोलर गेला होता, नवीन बसवला. दोन दिवस काम बंद.

तब्येतीला जप.

दादा


१० ऑगस्ट

ती. दादास,
सा. न.

तुझ्या पत्रात प्रिंटरचा रोलर सापडला, माझ्यासाठी काही सापडलं नाही.

गेल्या तीन रविवारी मी जेलवर गेले. तिन्ही वेळा त्यांनी भेटायला नकार दिला. तिसऱ्या वेळी तिथल्या शिपायाला माझी दया आली. त्याने सांगितलं की डाव्या डोळ्याने आता त्यांना काही दिसत नाही, जेवणाचं ताट चाचपून धरतात. सरकारी दवाखान्यात नेलं होतं. डावा गेला, उजवा वाचेल म्हणतात.

परवा चादर घडी करता करता माझे हात थांबले. समोरची म्हणाली, "धर की गं टोक!" मी धरलंच होतं, फक्त पुढे काय करायचं ते आठवेना.

तू मोठा आहेस. त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे. एकदा त्यांना भेटून सांग की चूक झाली तिची, पण मुद्दाम नाही केली. एवढंच. कायदा नको सांगूस.

बेबी


१६ ऑगस्ट

बेबी,

तुझी चूक झालेली नाही. हे वाक्य मला महिन्याभरापूर्वी लिहायला हवं होतं.

२७ जूनचा तो एकोणीस ओळींचा तक्ता. त्यात नावं नव्हती, नुसते गुन्ह्यांचे नंबर. अकराव्या ओळीत दाजींचा नंबर होता. तो मला पाठ आहे. समोर तारीख लिहिली होती ८ जुलै. म्हणजे ती माणसं आठ तारखेपर्यंत निवांत राहणार होती आणि आपण आठला सकाळी सुटणार होतो. मी वरच्या दहा ओळी दुरुस्त करत आलो होतो. अकरावीवर हात थांबला. हवालदार समोर बसून शेंगा खात होता, त्याला काही कळलं नसतं. ती एक ओळ तशीच ठेवायची होती मला. नाही ठेवली. ८ चं ७ केलं आणि बाराव्या ओळीवर गेलो.

का, ते मी रोज स्वतःला विचारतो. तेव्हा मनात असं आलं की प्रयोगशाळेचा अहवालच नाही, ही माणसं एका दिवसाने काय दिवे लावणार. हे एक. आणि दुसरं खरं. माझ्या टेबलावरून चुकीचा रकाना जाणार, आणि उद्या कोणी म्हणणार की मास्तरने अठरा बरोबर केल्या आणि घरची तेवढी सोडली. म्हणजे मला माझं नाव राखायचं होतं. दाजींच्या डोळ्यांपेक्षा.

६ जुलैला तोच हवालदार मुदतवाढीचा अहवाल टाइप करायला आला. मला म्हणाला, "मास्तर, तुमच्यामुळे वाचलो. साहेब आठला जाणार होते." म्हणजे तुझ्या फोनचा आणि याचा काडीचा संबंध नाही. तू गेलीस ते तिथे कोणाच्या लक्षातही नाही. तुझा नंबर लिहिलेला कागद शेंगांच्या पुडीला गेला असेल.

तोही अहवाल मीच टाइप केला. नाही म्हणालो असतो तर का म्हणून विचारलं असतं. त्याची तर कमालच. अहवाल सरकारी वकिलांचा, त्यांनी फाइल वाचून, स्वतः विचार करून लिहायचा असतो. तो मला तोंडी सांगितला हवालदाराने, जुन्या एका अहवालाची कारणं उचलून. सरकारी वकील फाटकाशी गाडीत बसत होते. त्यांनी तो गाडीच्या टपावर ठेवून, न वाचता सही केली. मी पाहिलं, कारण पेन माझं होतं.

तुझं १३ जुलैचं पत्र आलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो. दोष जायला एक जागा मिळाली.

दादा


२४ ऑगस्ट

दादा,

तू रकाना दुरुस्त केलास ते मी एखादे वेळी समजून घेईन. लहानपणी तू माझ्या पाटीवरचा शून्यसुद्धा पुसून गोल करायचास. पण १३ जुलै ते १६ ऑगस्ट. चौतीस दिवस होतात की पस्तीस, पहिला धरायचा की नाही, ते तूच ठरव. तेवढे दिवस तू मला त्या कागदाखाली दाबून ठेवलंस, आणि मला प्रिंटरबद्दल लिहिलंस.

सोमवारी मी तुमच्या कोर्टात आले होते. तुझ्या टेबलापासून वीस पावलांवरून गेले. तू टाइप करत होतास. मी थांबले नाही. वकिलांकडे गेले आणि तुझं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. गाडीच्या टपाशी आले तेव्हा ते खुर्चीत सरळ झाले. पुन्हा वाचलं. म्हणाले, सरकारी वकिलांनी स्वतः विचारच केला नसेल तर ती मुदतवाढ टिकत नाही, आणि आपला ८ जुलैचा अर्ज वेळेत होता. फक्त हे कोणीतरी शपथेवर सांगायला हवं.

कोण सांगणार ते तुला ठाऊक आहे. टाइप केलेलं बाहेर सांगायचं नाही हा तुमचा धर्म आहे, हेही मला ठाऊक आहे. तू कितीदा सांगितलायस.

बेबी


३ सप्टेंबर

बेबी,

चार दिवस विचार केला. मग प्रतिज्ञापत्र लिहिलं. स्वतःच टाइप केलं, दोन पानं. वकिलांना एक शब्द बदलायला मिळाला नाही.

वरच्या कोर्टात काल ते दाखल झालं. सरकारी वकिलांना त्यावर म्हणणं मांडायला दहा दिवस दिलेत. खालच्या कोर्टात बातमी तासाभरात पोचली. संध्याकाळी व्यवस्थापकांनी बोलावलं. जिन्याखालची जागा दुरुस्तीसाठी हवी आहे म्हणे. सव्वीस वर्षांत त्या जिन्याला कोणी हात लावला नव्हता. जाड्या हवालदार समोरून गेला, त्याने नमस्कारही केला नाही. त्याचं बरोबर आहे. आता त्याचे कागद तपासणार कोण? वकिलांनीसुद्धा काम देताना विचार करायला सुरुवात केली आहे. जो एकाचं बोलला तो आपलंही बोलेल.

टेबल खोलीवर आणलं. दारातून जात नव्हतं, पाय काढावे लागले.

दादा


२० सप्टेंबर

दादा,

वकिलांचा निरोप मिळाला. मुदतवाढ रद्द, जामीन मंजूर. सरकारी वकिलांना सही कुठे केली तेच आठवेना म्हणे.

मुकादमबाईने मला दिवसभर खुर्चीत बसवून ठेवलं आणि माझ्या वाटच्या चादरी तिने घडी केल्या. वाईट करते ती. तिच्या घड्या तुला दाखवायला हव्यात, झोप उडेल तुझी.

जेलवर मी येणार नाही. तू जा. जामिनाचे कागद तुझेच आहेत. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही, ते भेटतच नाहीत तर सांगू कधी? माझ्यामुळे झालं असंच ते धरून आहेत. ते तू सांगायचंस. तोंडाने. पत्र लिहून त्यांच्या हातात देऊ नकोस. त्यांना वाचता येत नाही आता, आणि तुला ते सोयीचं होईल.

बेबी


२६ सप्टेंबर
बस स्टँड

बेबी,

हे पत्र दाजींच्याच हाती पाठवतो आहे. तुला कळावं म्हणून, त्यांनी वाचावं म्हणून नाही.

कागदपत्रं होऊन ते साडेअकराला बाहेर आले. केस पांढरे झालेत. मी डाव्या बाजूला उभा होतो तर त्यांना दिसलोच नाही, पुढे निघून गेले. हाक मारली तेव्हा वळले. "मास्तर! तुम्ही स्वतः आलात?" माझा हात धरून रस्ता ओलांडला. सारखे म्हणत होते, "तुम्ही नसतात तर आत सडलो असतो." मी तिथेच सांगायला हवं होतं. नाही जमलं. चहा घेतला. तरी नाही जमलं. लिहून काढायचं असतं तर एका बैठकीत झालं असतं.

शेवटी इथे बाकावर बसल्यावर सांगितलं. आधी तक्त्यापासून सुरुवात केली, एकोणीस ओळी, अकरावी ओळ, सहा महिने कसे मोजतात. ते म्हणाले, "मास्तर, मला आकडे नका सांगू. कोणी केलं?" मी म्हटलं, मी. माझ्या हाताने. बेबीने काही केलेलं नाही. मला माहीत होतं आणि मी महिनाभर गप्प बसलो.

त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "तिला मी तीनदा परत पाठवलं. आतून तिचा आवाज ऐकू यायचा, शिपायाशी बोलायची ती. तरी नाही गेलो." मी माफी मागायला लागलो तर हात वर करून थांबवलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. डोळ्याबद्दल एक शब्द काढला नाही.

तिकिटं मी दोन काढली होती. गाडी लागली तेव्हा त्यांची पिशवी घेऊन मीही चढायला निघालो. त्यांनी पायरीवरूनच पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही नका येऊ," म्हणाले. "आधी मला तिच्याशी बोलायचंय. तुमचं मग बघू."

त्यांना ड्रायव्हरमागची जागा मिळाली आहे. गाडी सुटायच्या आत हे पत्र खिडकीतून देतो. गाडी साडेचारला पोचते.

दादा